पिल्लाच्या लशीआधीचे तीन महिने

पावसाळा ओसरला की पनवेल परिसरात कुत्र्यांच्या पिल्लांचा हंगाम सुरू होतो. खांदा कॉलनीपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांत गाड्यांच्या आडोशाला, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, नेऱ्याकडच्या फार्महाऊसच्या पडवीत एकेका वेताची चार-सहा पिल्लं लोळताना दिसतात. सोसायटीतली मुलं त्यांना बिस्किटं घालतात, त्यांची बारशी करतात आणि थोड्याच दिवसांत त्यातलं एखादं कुणाच्या तरी घरी कायमच्या मुक्कामाला येतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आणि खंडोबाच्या घोड्यामागे धावणारा कुत्रा पाहत वाढलेल्या माणसाला यात वावगं वाटत नाही. वाटण्याचं कारणही नाही. मात्र ते पिल्लू उंबरा ओलांडतं त्या दिवसापासून त्याची लस लागू होईपर्यंतचा काळ डोळसपणे काढावा लागतो, आणि नेमका तोच काळ आपण सर्वांत गाफीलपणे काढतो.

गाफील राहण्याचं कारण साधं आहे. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की तोंडाला फेस आलेला, लाल डोळ्यांचा, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा मोठा कुत्राच आपल्या डोळ्यांसमोर येतो. तळहातावर मावणारं, चालताना धडपडणारं पिल्लू त्या चित्रात बसत नाही. ‘एवढ्याशा जिवाला कुठला आलाय रेबीज?’ असं म्हणून त्याने काढलेला ओरखडा पुसून टाकला जातो. २०२५ साली उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूच्या बाबतीत हेच घडलं. त्याने गटारात अडकलेलं पिल्लू बाहेर काढलं, काढताना ते हाताला चावलं. जखम किरकोळ होती आणि खेळाडूला असली खरचट नित्याचीच. त्याने लस घेतली नाही. पुढे हात दुखू लागला तेव्हा ते दुखणंही खेळातलंच वाटलं. काही महिन्यांनी पाणी पाहून अंग थरथरू लागलं तेव्हा उपायाची वेळ टळून गेली होती. भूतदयेपोटी केलेलं काम त्याच्या जिवावर बेतलं, आणि तेही मोफत मिळणाऱ्या काही सुया न घेतल्यामुळे.

विषाणूची वाट

रेबीजचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतो. चावा, दातांचा किंवा नखांचा ओरखडा, उघड्या जखमेवर पडलेली लाळ, डोळ्यांत किंवा ओठांच्या आतल्या मऊ त्वचेवर झालेलं चाटणं या वाटांनी तो शरीरात शिरतो. धडधाकट कातडीतून त्याला आत जाता येत नाही. त्यामुळे कुत्र्याला कुरवाळण्याने, खाऊ घालण्याने किंवा न फुटलेल्या कातडीवर त्याने चाटल्याने रेबीज होत नाही.

आत शिरल्यावर हा विषाणू रक्तातून फिरत नाही. काही काळ तो जखमेजवळच्या स्नायूत रेंगाळतो, तिथे वाढतो आणि मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो. तिथून मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे त्याचा प्रवास सुरू होतो. तो फार संथ असतो, दिवसाला फार तर काही सेंटीमीटर. म्हणून पायाला चावा झाला तर मेंदू गाठायला जास्त दिवस लागतात. चेहरा, मान, डोकं किंवा बोटांच्या टोकांना झाला तर कमी. माणसात लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने जातात. क्वचित आठवड्याभरातही दिसतात, क्वचित वर्ष उलटल्यावर. या सगळ्या काळात माणूस ठणठणीत असतो, कामावर जातो, सणवार करतो. विषाणू मज्जातंतूंच्या आडोशाने सरकत असल्याने शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही त्याची चाहूल लागत नाही.

मेंदूत पोचल्यावर मात्र सगळं भराभर घडतं. विषाणू तिथून पुन्हा मज्जातंतूंमार्फत लाळग्रंथींपर्यंत उतरतो. जनावराची लाळ संसर्ग पसरवू लागते ती या टप्प्यावर. माणसात ताप येतो, जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात, मग घसा आवळतो. पाण्याचा घोट गिळताना, पुढे पुढे नुसतं पाणी पाहून किंवा पंख्याचा वारा लागूनही घशाचे स्नायू पिळवटतात. एकदा लक्षणं दिसली की या रोगावर खात्रीचा उपचार नाही. जगभरात त्यातून वाचलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना कायमचं अपंगत्व आलं.

पण जखम आणि मेंदू यांच्यातल्या याच संथ प्रवासात आपल्या बचावाची जागा आहे. बहुतेक रोगांची लस रोग होण्याआधी घ्यावी लागते. रेबीजची लस चावा झाल्यावर घेतली तरी चालते, कारण विषाणू मेंदूपर्यंत पोचण्याआधी शरीराला तयारी करायला वेळ मिळतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर हेच पहिल्यांदा करून दाखवलं. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. सशांच्या मज्जारज्जूपासून केलेली लस त्याला टोचली गेली आणि मुलगा जगला. विषाणू प्रत्यक्ष पाहता येईल असं उपकरण तेव्हा जगात नव्हतं. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा २००७ पासून जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

पिल्लाची उघडी बाजू

आता घरात आलेल्या पिल्लाकडे वळू. आईला वेळेवर लस दिलेली असेल तर तिच्या पहिल्या दुधातून पिल्लाला काही आठवडे पुरेल इतकं संरक्षण मिळतं. पण त्याच संरक्षणामुळे त्या आठवड्यांत दिलेली लस नीट लागू होत नाही. म्हणून पिल्लाला रेबीजची पहिली लस ते साधारण बारा आठवड्यांचं, म्हणजे तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. आई रस्त्यावरची असेल आणि तिला कुणी लस टोचलेली नसेल, तर पिल्लाला दुधातूनही काही मिळत नाही. दोन्ही बाबतींत टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला आणखी तीन-चार आठवडे जातात. म्हणजे दीड महिन्याचं पिल्लू घरी आणलं तर ते चार महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या संरक्षणाची खात्री देता येत नाही.

आणि याच काळात पिल्लू सर्वांत जास्त चावतं. जन्मल्यानंतर तीन आठवड्यांनी त्याचे दुधाचे दात यायला लागतात. हे अठ्ठावीस दात सुईसारखे टोकदार असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडून पक्के दात येऊ लागतात आणि हिरड्या शिवशिवतात. मग चप्पल, सोफ्याचा कोपरा, पायजम्याची कड, मुलांची बोटं, जे सापडेल ते तोंडात जातं. त्यात राग नसतो, खेळ असतो. पण खेळता खेळता लागलेल्या दातानेही कातडी फुटते आणि विषाणूला चावण्यामागचा हेतू कळत नाही. घरात सर्वांत जास्त चावण्याचे आणि सर्वांत कमी संरक्षणाचे महिने असे एकावर एक येतात. लहान कुत्र्यासोबत राहण्यातली खरी अडचण ही आहे.

पिल्लू घरी आणण्याआधी त्याला कुणी चावलं होतं का, हे बहुधा कुणालाच ठाऊक नसतं. पिसाळलेला कुत्रा एखाद्या वेतातल्या सगळ्याच पिल्लांना चावून पुढे निघून जाऊ शकतो. कुत्र्यांमध्ये रोग उमटायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात, म्हणून आणताना खेळकर असलेलं पिल्लूही आतून संसर्ग घेऊन आलेलं असू शकतं. त्यामुळे रस्त्यावरचं पिल्लू उचलताना त्याची आई कुठे आहे, तिला कुणी लस टोचली आहे का, त्याच वेतातली भावंडं अचानक मेली का, त्या भागात एखादा कुत्रा विचित्र वागत होता का, एवढी चौकशी आधी करावी. पहिल्या दिवशीच पशुवैद्याला दाखवावं. रेबीजची साथ असलेल्या भागात पशुवैद्य कधी तीन महिन्यांआधीही लस देतात, पण मग तीन महिन्यांनंतर ती पुन्हा द्यावी लागते. पहिल्या लशीनंतर बूस्टर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे नियमित डोस, हा क्रम चुकवू नये. बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं लसपत्र जपून ठेवावं. महापालिका हद्दीत कुत्रा पाळण्याचा परवाना घेताना हाच दाखला मागितला जातो.

पिल्लात रेबीज ओळखणं मोठ्या कुत्र्यापेक्षाही अवघड असतं. प्रत्येक आजारी कुत्रा आक्रमक होतोच असं नाही. काही नुसते मलूल होतात, कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतात, खाणं सोडतात, लाकूड-माती खातात, त्यांचा आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. माणसासारखी पाण्याची भीती कुत्र्यात दिसत नाही. ‘पाणी पितोय ना, मग पिसाळलेला नाही,’ हा तर्क म्हणूनच फसवा आहे. जबडा लुळा पडलेल्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलं असावं असं समजून घरातलं कुणी तरी मायेने त्याच्या तोंडात हात घालतं आणि हाताला लाळ लागते. असं चिन्ह दिसलं तर पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवावं, मुलांना दूर ठेवावं आणि पशुवैद्याला फोन करावा.

पहिली पंधरा मिनिटं

चावा किंवा ओरखडा झाला की पहिला उपाय घरातच असतो: नळ आणि साबण. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ वेष्टन असतं. साबणाने ते विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून, कारण घाईत माणूस एका मिनिटातच नळ बंद करतो. मग पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट लावायचं. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू, कॉफी यांतलं काहीही जखमेवर भरायचं नाही. त्याने जखम चिघळते आणि विषाणू आणखी आत ढकलला जातो. पट्टी बांधायची नाही, टाके शक्यतो घालायचे नाहीत. मंत्र, दोरा, उतारा यांत गेलेला प्रत्येक तास विषाणूच्या पदरात पडतो.

यानंतर दवाखान्यात डॉक्टर जखमेची वर्गवारी करतात. नुसता स्पर्श किंवा अखंड कातडीवर चाटणं ही पहिली श्रेणी. तिला लशीची गरज नसते. रक्त न आलेला ओरखडा किंवा कातडीवर दातांची हलकी खूण ही दुसरी. तिला लस हवी. रक्त आलेली जखम, फुटलेल्या कातडीवर चाटणं, डोळ्यांत-तोंडात गेलेली लाळ आणि रानटी जनावराचा कुठलाही चावा ही तिसरी. तिथे लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषधही लागतं. पिल्लाच्या बारीक दातांनी पडलेलं सुईच्या अग्राएवढं छिद्र आणि त्यावर आलेला रक्ताचा एक थेंब तिसऱ्या श्रेणीत मोडतो. जखमेचा आकार पाहून श्रेणी ठरवण्याची चूक इथेच होते.

लहान मुलांच्या बाबतीत दुप्पट सावध राहावं लागतं. उंचीमुळे त्यांना चावे चेहऱ्यावर आणि डोक्यावर होतात आणि तिथून मेंदू जवळ असतो. शिवाय पिल्लाला घरातून घालवतील किंवा रागावतील म्हणून मुलं ओरखडे लपवतात. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी: काहीही लागलं तर लगेच सांगायचं, त्याबद्दल कुणीही ओरडणार नाही, आणि पिल्लालाही कुणी घालवणार नाही.

पोटातली चौदा आणि दंडातली चार

लस टाळण्यामागे आजही एक जुनी धास्ती आहे: पोटात चौदा इंजेक्शनं. ती धास्ती निराधार नव्हती. हिमाचलातल्या कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस तयार केली आणि पुढे जवळजवळ शतकभर भारतात तीच वापरली गेली. ती बेंबीभोवती, रोज एक अशी टोचत. दुखत असे, आणि मेंदूचे अंश असल्याने क्वचित कुणाला लकवाही होई. ही लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आज दवाखान्यात मिळणारी लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते. ती सुरक्षित आहे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि तान्ही बाळं यांनाही देता येते.

सरकारी दवाखान्यांत ती बहुधा कातडीच्या थरात देतात: दोन्ही दंडांवर थोडी थोडी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खासगी दवाखान्यांत अनेकदा स्नायूत, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. लहान मुलांना स्नायूतली लस मांडीच्या पुढच्या बाजूला देतात. कुल्ल्यावर कधीच घ्यायची नसते, तिथल्या चरबीमुळे ती नीट लागू होत नाही. यात ‘शून्य दिवस’ म्हणजे पहिली सुई घेतल्याचा दिवस. ती चाव्याच्याच दिवशी घ्यावी, पण उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. आठवड्यानंतर, महिन्यानंतर आठवण झाली तरी जावं.

लशीमुळे शरीर प्रतिपिंडं बनवायला लागतं, पण त्यांचं प्रमाण पुरेसं व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. लस म्हणजे पेरणी. पीक हाती येईपर्यंत घरात तयार धान्य असावं लागतं. खोल चाव्यात ते धान्य म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, तयार प्रतिपिंडं. ती जखमेच्या आत आणि भोवती टोचतात, त्यामुळे विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधीच अडवला जातो. घोड्यांच्या किंवा माणसांच्या रक्तापासून ती मिळतात. त्यांचा तुटवडा नेहमीचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेसोबत प्रयोगशाळेत बनवलेलं एकाच प्रकारचं शुद्ध प्रतिपिंड ‘रॅबिशील्ड’ या नावाने बाजारात आणल्यापासून त्यांना पर्याय मिळाला. हे औषध पहिल्या सुईबरोबर घ्यायचं असतं. राहिलंच तर सात दिवसांच्या आत. त्यानंतर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागतं आणि बाहेरून दिलेल्यांचा उपयोग उरत नाही.

२०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात लस सुरू होऊनही काही मुलं दगावली, तेव्हा लशीवरच शंका घेतली गेली. पण डोक्याच्या, चेहऱ्याच्या जखमांत विषाणू लशीच्या आधी मेंदू गाठू शकतो, आणि अशा वेळी जखम धुणं व प्रतिपिंडं टोचणं या दोन पायऱ्यांना लशीइतकंच महत्त्व असतं. तिन्ही गोष्टी वेळेवर आणि नीट झाल्या तर रेबीज होणं अत्यंत विरळ.

प्रत्यक्षात मात्र पहिल्या पायरीवरच गळती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये पंधरा राज्यांत घरोघरी केलेल्या पाहणीवरून देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात असा अंदाज निघाला. त्यांतले तीन चतुर्थांश कुत्र्यांचे होते. रेबीजने होणारे मृत्यू वर्षाला सुमारे ५,७०० असावेत असंही त्यात म्हटलं होतं. आधी वीस हजारांपर्यंतचा आकडा सांगितला जाई, त्या मानाने हा कमी आहे. पण त्याच पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याने लशीची एकही सुई घेतली नव्हती. रेबीजने मरणाऱ्या बहुतेक माणसांपर्यंत औषध पोचत नाही, किंवा ती औषधापर्यंत वेळेत पोचत नाहीत.

दहा दिवसांचा नियम

घरचंच पिल्लू चावलं तर एक सोय असते: ते डोळ्यांसमोर असतं. कुत्र्या-मांजराच्या लाळेत विषाणू यायला लागतो तो लक्षणं दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी, आणि लक्षणांनंतर ते जनावर दहा दिवसांत मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस जनावर ठणठणीत राहिलं तर चावण्याच्या क्षणी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असा निष्कर्ष निघतो. पण याचा अर्थ दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करायची असा नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. दहाव्या दिवशी पिल्लू सुखरूप असेल तर डॉक्टर पुढचे डोस कमी करतात. घेतलेल्या सुया वाया जात नाहीत, त्या पुढच्या काळासाठी आगाऊ संरक्षण ठरतात. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू होतो. माकड, मुंगूस, कोल्हा यांना नाही. पिल्लू हरवलं, पळालं किंवा कुणाला देऊन टाकलं तर दहा दिवसांचा हिशेब संपला आणि पूर्ण लस घेणं आलं.

ज्यांच्या घरी कुत्रे कायम असतात, जे रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण घालतात किंवा जखमी जनावरं उचलतात, त्यांनी चावा होण्याआधीच लस घ्यावी. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी तीन सुया. असं आधी घेतलेल्याला पुढे चावा झाला तर फक्त दोन डोस लागतात, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन लागतच नाही. पनवेलभोवतीच्या फार्महाऊसवर राखणीसाठी कुत्री पाळणाऱ्या मालकांनी हा विचार तिथल्या राखणदाराच्या कुटुंबासाठी करायला हवा. मालक शनिवार-रविवारी येतो. पिल्लासोबत रोज असतात ती राखणदाराची मुलं, आणि त्यांच्यासाठी दवाखाना लांब असतो.

शहर, गावं आणि खाडी

पनवेलची जडणघडणही इथे लक्षात घ्यावी लागते. २०१६ साली महापालिका झाली तेव्हा जुनं शहर, सिडकोच्या वसाहती आणि आसपासची गावं एका हद्दीत आली. इमारती, वाड्या, कचऱ्याची ठिकाणं, कारखाने आणि माळरान इथे एकमेकांना चिकटून आहेत. खारघरच्या खाडीकाठच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत. उरलेल्या अन्नाच्या वासाने ते वस्तीकडे येतात. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला माणसांना चावलेल्या कोल्ह्याला रेबीज असल्याचं तपासणीत आढळलं होतं. मुंगूस कर्नाळ्याच्या रानात आहे तसंच सोसायटीच्या कुंपणालाही आहे. त्यामुळे लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला मोकळं सोडू नये, रात्री अंगणात बांधू नये, आणि त्याचं किंवा भटक्या कुत्र्यांचं अन्न उघड्यावर टाकून ठेवू नये. पिल्लाला दुसऱ्या जनावराने चावा घेतला तर त्याचीही जखम हातमोजे घालून साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.

एका घराने कितीही काळजी घेतली तरी रस्त्यावरच्या कुत्र्यांत विषाणू फिरत राहिला तर धोका उरतोच. निर्बीजीकरण करून कानाला खाच पाडलेला कुत्रा पाहिला की लोक निश्चिंत होतात. पण ती खाच त्याला शस्त्रक्रियेच्या वेळी एकदा लस दिल्याचं सांगते. ती लस आज लागू आहे की नाही, हे सांगत नाही. शिवाय रस्त्यावरची निम्म्याहून अधिक पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात आणि त्यांची जागा नवी पिल्लं घेतात, त्यामुळे यंदाचं लसीकरण पुढच्या वर्षी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते.

हे कागदावरचं गणित आपल्या शेजारी गोव्यात खरं ठरलेलं आहे. तिथे २०१३-१४ पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून काम सुरू केलं. जाळी घेतलेली पथकं वाडी-वाडीत फिरली, लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर झाली, शाळांतून मुलांना चावा टाळण्याचे आणि जखम धुण्याचे धडे दिले गेले, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला गेला. कुत्र्यांतली रेबीजची प्रकरणं ९० टक्क्यांहून अधिक घटली, आणि २०१८ पासून सलग काही वर्षं माणसांतला एकही मृत्यू झाला नाही. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा मांडला. गोव्यातल्या कुत्र्यांना मारलं नाही, हलवलं नाही. दरवर्षी लस टोचली, एवढंच.

पनवेलमध्ये हे काम महापालिकेचं आहेच, पण सोसायटीचंही आहे. आवारातल्या कुत्र्यांना जेवण घालणारे आणि त्यांच्यावर चिडणारे या दोन गटांचं भांडण दर रविवारच्या बैठकीत होतं. त्या बैठकीत एक ठराव दोन्ही गटांना मान्य होण्यासारखा आहे: आवारातल्या प्रत्येक कुत्र्याची आणि पिल्लाची यादी, वर्षातून एकदा लशीची तारीख आणि त्या दिवशी कुत्र्यांना धरून देणारी त्यांची ओळखीची माणसं. जेवण घालणाऱ्याच्या हाती कुत्रा आपणहून येतो, म्हणून हे काम त्याच्याइतकं सोपं दुसऱ्या कुणालाच नाही.

पिल्लू घरी आणणार असाल तर जरूर आणा. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा, तीन महिन्यांच्या लशीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा आणि मोरीत साबण हाताशी ठेवा. तोवर एखादा दात लागला, ओरखडा उठला, तर किती लहान आहे ते पाहत बसू नका. पंधरा मिनिटं धुवा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन पहिली सुई त्याच दिवशी घ्या. ती तिथे मोफत आहे.